नागुआक्काचा मुराळी

नागुआक्काचं माहेर पाताळात आहे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. लग्न होऊन मी येळ्ळूरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मलाही ते सांगण्यात आलं, आणि तेही अगदी सहज, अमकीचं माहेर उचगावला नि तमकीचं कंग्राळीला अशा सुरात. मी हसले होते. बेळगावला टिळकवाडीत एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंग करते. दिवसभर शपथपत्रं बडवून माझी सवय अशी झाली आहे की कुणी काही बोललं की मी आधी मनात विचारते, पुरावा काय? नागुआक्काकडे पुरावा होता. त्यांच्या शेताच्या बांधावर कमरेएवढं वारूळ आहे. पाताळाचा दरवाजा तो, असं ती बोटानं दाखवायची आणि पुढचा भाजीचा वाफा खुरपायला लागायची.

नागुआक्का मूळची निपाणीकडची. आईबाप तिला कळायच्या आत गेले. तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या एका मावशीनं तिला वाढवलं, येळ्ळूरच्या यल्लाप्पाशी लग्न लावून दिलं, आणि वर्षाच्या आत मावशीही गेली. म्हणजे माहेर म्हणून जे काही होतं तेही मिटलं. मग पहिली नागपंचमी आली.

आमच्याकडे पंचमी हा लेकींचा सण. आदल्या दिवशी बायका भावाच्या नावानं उपास धरतात, हातभर बांगड्या भरतात आणि पिशवी भरून ठेवून मुराळ्याची वाट बघतात. मुराळी म्हणजे माहेरहून न्यायला येणारा माणूस, भाऊ नाहीतर मामा. एकेका दारात मुराळी येतो, चहा पितो, बहिणीला घेऊन जातो आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत सासवाच तेवढ्या उरतात. त्या वर्षीही तसंच झालं. नागुबाई तेवढी राहिली, आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून रडत बसली.

तिची सासू मालुबाई तोंडानं तिखट होती असं अजूनही लोक सांगतात. तिनं सुनेचे डोळे पुसले नाहीत. दिवा लागल्यावर तिला समोर बसवलं आणि एक गोष्ट सांगितली.

एक सून होती, तिला माहेर नव्हतं. पंचमीला सगळ्या जावा गेल्या आणि ती वारुळापाशी जाऊन म्हणाली, मला न्यायला कोणी नाही. ते वारुळातल्या नागानं ऐकलं. तो माणसाचं रूप घेऊन, डोक्याला पटका बांधून तिच्या दारात आला आणि सासूला म्हणाला, मी हिचा मामा, हिला न्यायला आलोय. वारुळापाशी आल्यावर त्यानं खरं रूप घेतलं, तिला फणीवर बसवलं आणि म्हणाला, डोळे मिट, मी सांगेपर्यंत उघडू नकोस.

इथून पुढचा रस्ता नागुआक्काचा स्वतःचा. सासूनं तो दोन वाक्यांत उरकला होता म्हणे, पण नागुआक्कानं वर्षानुवर्षं सांगून तो चांगला रुळवला. खाली जाताना आधी फणसाची मुळं अंगाला लागतात. मग गारवा लागतो, कारण विहिरींतून आटलेलं सगळं पाणी तिथं येऊन थांबलेलं असतं. त्याच्याखाली हरवलेल्या वस्तूंचा मजला. गल्लीत कुणाचं जोडवं हरवलं तर पोरं अजून म्हणतात, खाली गेलं. सगळ्यांत तळाशी नागांचा गाव. तिथं चूल नाही, धूर नाही, डोक्यावरच्या मण्यांचा उजेड. आणि तिथं आलेल्या लेकीला ‘परत कधी जाणार’ असं कोणी विचारत नाही. हे वाक्य सांगताना नागुआक्का जरा थांबते. माहेरी गेलेल्या कुठल्याही बाईला ती का थांबते ते कळेल.

पुढं नागिणीच्या बाळंतपणात त्या सुनेच्या हातून दिवा पडतो आणि नागाच्या पिल्लांच्या शेपट्या भाजून तुटतात. नागीण चिडते, मामा भाचीला परत वर आणून सोडतो. पिल्लं मोठी झाल्यावर डूख धरून तिच्या घरी येतात. बघतात तर ही पाटावर नागाचं चित्र काढून, हात जोडून म्हणत असते, माझे शेपटीतुटके भाऊ असतील तिथं सुखी असोत. ती ऐकतात आणि तशीच मागं फिरतात. एवढंच नाही, दरवर्षी मामा न्यायला यायला लागतो. फक्त दोन अटी. तिथं काय खाल्लं ते वर आल्यावर कुणाला सांगायचं नाही. आणि गोष्ट दिवसा सांगायची नाही, कारण दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो.

ही दुसरी अट तुम्हीही कधी ऐकली असेल. माझी आजीही म्हणायची. पोरांनी कामाच्या वेळी गोष्टीसाठी छळू नये म्हणून कुणीतरी हुशार बाईनं ती काढली असणार, असं माझं मत आहे. पण ज्याला दोनतीन मामा आहेत त्याचं एखादा चुकला तर काय बिघडतं? नागुआक्काला एकच होता, तोही असा.

म्हणून तिनं ती अट पाळली. माझा नवरा आदर्श तिच्याच ओट्यावर वाढला. लहानपणी त्याला ताप आला होता तेव्हा ती दुपारभर त्याच्या उशाशी बसून राहिली, पाय चेपले, पण गोष्ट सुरू केली ती वात पेटल्यावरच. एकदा शाळेनं कार्यक्रम ठेवला, शाल-श्रीफळ देऊन तिला व्यासपीठावर बसवलं आणि सकाळी अकराला माइक हातात दिला. तिनं माइकवरून सांगितलं, ‘पोरांनो, सांजच्याला घराकडं या.’ आणि नारळ घेऊन खाली उतरली. हेडमास्तर ओशाळले, पण संध्याकाळी तेही पोरांबरोबर तिच्या ओट्यावर होते. गोष्टीला हूं म्हणणारा लागतो, नाहीतर ती पुढं सरकत नाही. त्या दिवशी हूं हेडमास्तरांनी म्हटलं.

यल्लाप्पा गेला, मुलगा नोकरीला गोव्यात जाऊन तिथलाच झाला, तरी पंचमीच्या आदल्या दिवशीचा तिचा क्रम कधी मोडला नाही. हिरवं लुगडं, नव्या बांगड्या, एका पिशवीत नेसायचं एक लुगडं आणि शेंगाचे लाडू, आणि ओट्यावर बसणं. येणारे-जाणारे विचारायचे, आक्का, मुराळी आला काय? ती म्हणायची, यायचा हाय, वाट लांबची हाय. दिवेलागणीला उठायची, पिशवीतले लाडू गल्लीतल्या पोरांना वाटायची आणि उपास सोडायची. थट्टा करणारे थट्टा करायचे आणि तीही हसायची. ती हे किती खरं धरते, ते मला सांगता आलं नसतं. विचारायचं धाडसही झालं नाही. पुरावा मागणारी मी, पण या एका बाबतीत गप्प बसले, एवढी अक्कल मला होती.

गेल्या वर्षी आषाढात आमच्या लेकीच्या, सौम्याच्या पोटात दुखायला लागलं. ती तेव्हा चौथीत. आधी आम्हाला वाटलं काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल. पहाटे ती वाकूनच बसली तेव्हा रिक्षा करून बेळगावला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले अपेंडिक्स आहे, थांबण्यात अर्थ नाही, दुपारी ऑपरेशन करू. त्यांच्या दृष्टीनं रोजचं काम. त्यांनी सौम्यालाही समजावलं की तुला झोपवणार आहोत, काही कळणार नाही, उठशील तेव्हा सगळं झालेलं असेल.

तिथंच सगळं बिनसलं. तोपर्यंत दुखणं दात दाबून सोसलेली पोरगी ‘झोपवणार’ म्हटल्यावर पांढरी पडली. मला विचारायला लागली, झोपवल्यावर मी कुठं जाणार? मी म्हटलं, कुठं नाही, इथंच असशील. ती म्हणाली, इथं असेन तर मला कळेल की. मी म्हटलं ते स्वप्नासारखं असतं, तर म्हणाली डॉक्टर म्हणाले स्वप्नसुद्धा पडत नाही. तिनं पलंगाची दांडी धरली ती सोडेना. सुईसाठी हात धरू देईना. नर्सनं कानडीत समजावलं, आदर्शनं रागावून बघितलं, मी रडून बघितलं. शेवटी तीच म्हणाली, नागुआज्जीला बोलवा. तिला खाली जायचा नि परत यायचा रस्ता माहीत आहे.

आदर्श तसाच मोटारसायकलवर गेला आणि आक्काला मागं बसवून घेऊन आला. खुरपं टाकून उठलेली, पदराला माती तशीच. तिनं सौम्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि सांगितलं की आता गुणानं डॉक्टरचं ऐक, सांजच्याला तुला सगळी वाट सांगते.

‘सांजच्याला मी हितं असंन काय आज्जी?’ सौम्यानं विचारलं.

खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलं होतं. आक्का उठली, खिडकीचा पडदा ओढला, खोलीत अंधारून आलं. क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग तिनं तो पडदा पुन्हा पूर्ण उघडला. ‘फशीवून काय व्हतंय,’ असं पुटपुटली. स्टूल ओढून बसली, सौम्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि भर उन्हात गोष्ट सुरू केली.

त्या दिवशी तिनं दिवा पडल्याचं सांगितलं नाही, भाजलेल्या शेपट्यांचं सांगितलं नाही. फक्त रस्ता सांगितला. हाताला गार लागंल, ती मामाची फणी, भ्यायचं न्हाय. डोळं जड व्हतील, मिटायचे. मुळं लागतील, मग पाणी, मग काय हरवलंय ते दिसंल, पर उचलाय थांबू नगंस. तळाशी गेलीस की निवांत ऱ्हा. आणि वरनं तुझ्या नावानं कोण हाक मारंल, तिकडं तोंड फिरीव. त्योच दरवाजा.

मला हूं म्हणायचं भान नव्हतं. सौम्याचे ओठ सुकलेले. सलाईन लावता लावता ती कानडी नर्सच हूं म्हणायला लागली. तिला मराठी किती कळत होतं कोण जाणे, पण हूं बरोबर जागी पडत होतं. सुई कधी गेली ते पोरीला कळलं नाही. आत नेताना तिनं दांडीवरचा हात आपणहून काढला.

ऑपरेशन नीट झालं. सौम्यानं डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य म्हटलं, ‘नाव ऐकू आलं मला.’ मी बाहेर येऊन आक्काला सांगितलं तेव्हा ती बाकावर भिंतीला टेकून बसली होती. तिनं भिंतीकडे तोंड करून हात जोडले. चहा आणते म्हटलं तर नको म्हणाली, घरी दिवा लावायला कोणी नाही म्हणाली आणि येळ्ळूरची बस पकडून निघून गेली. तिचे आभार मानायचे राहिले, म्हणजे मानले, पण पोरगी वाचल्याच्या गडबडीत मानतात तसे. तिनं काय दिलं होतं ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते सौम्याच्या ध्यानात आलं. टाके सुकल्यावर, एका दुपारी भात खाताखाता तिनं विचारलं, माझ्यामुळं नागुआज्जीचा मामा वाट चुकला असेल काय? मी म्हटलं, खुळी आहेस. आणि खिडकीतून समोर, आक्काच्या ओट्याकडे बघितलं.

श्रावणातली चतुर्थी आली, पंचमीचा आदला दिवस. माझा भाऊ रवळू दरवर्षी मला न्यायला त्या दिवशी येतो. आमचं गाव खानापूरच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. दवाखान्यातली हकिकत, आक्काच्या गोष्टीसकट, मी त्याला फोनवर सांगितली होती. रवळूचा माल वाहायचा टेम्पो आहे, आणि बोलणं असं की तीन शब्दांत काम होत असेल तर चौथा वापरणार नाही. त्याची वाट बघत मी दारात आले तर समोरचा ओटा रिकामा होता. पिशवी नव्हती, हिरवं लुगडं नव्हतं. आक्का रोजच्या जुन्या लुगड्यात अंगणात लसूण निवडत बसली होती.

मी जवळ जाऊन बसले. विचारायला नको होतं, तरी विचारलं, आज तयारी नाही?

‘औंदा न्हाय यायचा त्यो,’ ती म्हणाली. ‘मीच वाट मोडली न्हवं. उपास तेवढा धरलाय. कुठं चुकला असंल तिथं बरा असू दे म्हणून.’

मी काही बोलणार तेवढ्यात तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘पोरगी आली की माघारी. बास झालं की मला.’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, उपकार केल्याचा सूरही नव्हता. इतक्या वर्षांत त्या ओट्यावर कोणी आलं नव्हतं हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण येईल असं म्हणायला तिच्याजवळ एक दिवस होता, आणि तोही तिनं माझ्या पोरीच्या उशाशी बसून देऊन टाकला होता. मला ऑफिसातले सगळे कागद, सगळे पुरावे त्या क्षणी फुकट वाटले. मी उठून घरात गेले आणि तोंड धुतलं.

टेम्पो आला. मी चहा ठेवला. बाहेर सौम्या मामाच्या कानाला लागून काहीतरी सांगत होती. रवळू ऐकत होता. त्यानं चहा घेतला नाही. टेम्पोच्या सीटवरचा टॉवेल काढला, झटकला आणि डोक्याला पटक्यासारखा गुंडाळला. मग रस्ता ओलांडून नागुआक्काच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. हा माणूस माझ्या लग्नातसुद्धा चार लोकांपुढं बोलला नव्हता.

आक्कानं मान वर केली.

‘नागू, चल गं,’ रवळू म्हणाला. ‘वाट चुकलतो. म्हणून उशीर झाला.’

तो तिच्यापेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी लहान आहे. ती त्याला दरवर्षी बघते, त्याला ताक देते, टेम्पो नीट चालव म्हणून रागावते. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मांडीवरचा लसूण खाली सांडला. सौम्यानं मला नंतर शपथेवर सांगितलं की तिनं फक्त ‘आज्जीला पण ने’ एवढंच सांगितलं होतं, बाकीचं मामाच्या मनाचं.

आक्का उठली आणि आत गेली. बराच वेळ ट्रंकेचा आवाज आला. बाहेर आली ती हिरवं लुगडं नेसून, हातात पिशवी. दाराला कडी घातली. टेम्पोपाशी येऊन थांबली आणि माझ्या भावाला विचारलं, ‘डोळं मिटून घिऊ काय, मामा?’

‘मी सांगेस्तवर उघडू नगंस,’ रवळू म्हणाला.

दरवर्षी पुढच्या सीटवर मानानं बसणारी मी त्या दिवशी मागं हौद्यात, पेंडीच्या पोत्यांवर बसून माहेरी गेले. कमरेचा खुळखुळा झाला. पण मागच्या काचेतून मला तिचं डोकं दिसत होतं, मध्ये सौम्या, आणि सौम्या सारखी वाकून तिचे डोळे मिटलेले आहेत ना ते तपासत होती. खानापूर मागं पडलं, जंगल लागलं, गार वारा आला, खड्डे आले. सौम्या म्हणते, आज्जीच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती, दोन्ही एकदम.

आमच्या दारात टेम्पो थांबला. रवळूची बायको पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन आली, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग रवळूनं सांगितलं, उघड. तिनं डोळे उघडले आणि आमचं कौलारू घर, शेणानं सारवलेलं अंगण, फणसाला बांधलेला झोका असं सगळं नीट फिरून बघितलं. चार दिवस राहिली. तिला परत कधी जाणार असं आमच्या घरात कोणी विचारलं नाही.

येळ्ळूरला परतल्यावर गल्लीतल्या बायका तिच्या ओट्यावर जमल्या. माहेराहून आलेल्या बाईला विचारतात तेच त्यांनी विचारलं, काय काय केलं होतं, काय काय खाल्लंस? मी शेजारीच होते. पुरणाची दिंडं, तांदळाची खीर, लाह्या, सगळं माझ्या जिभेवर होतं.

नागुआक्कानं पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, ‘तिथलं सांगायचं नसतंय.’